जवळचे नगर कोणते?

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी एक विधी सांगितला आहे. शेतात कोणाचे प्रेत आढळले आणि मारणारा कोण हे ठाऊक नसले, तर तेथून भोवतालच्या नगरांचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ ठरेल त्याच्या वडिलांनी, जिने कधी जू ओढले नाही अशी कालवड घेऊन वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात जावे, तेथे तिला मारून तिच्यावर आपले हात धुवावे, आणि देवापाशी क्षमेची याचना करावी. हे वाचून कोणीही विचारील की, ज्या वडिलांनी खून केला नाही व तो होताना पाहिलाही नाही, त्यांनी क्षमा का मागावी? जे पाप आपल्या हातून घडले नाही त्याबद्दल आपण देवासमोर व मनुष्यांसमोर वाकावे काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहराची हकीगत उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ती येथे देतो.

त्या देशात निराश्रित मुलांचा भार पूर्वीपासून लोकांच्या करांतून वाहिला जात आला आहे. नॉटिंगहॅमपासून काही कोसांवर साउथवेल नावाचे गाव आहे. तेथे रेव्ह. जॉन बेचर ह्या पाळकांच्या खटपटीने 1824 साली गरिबांसाठी एक मोठी इमारत उभारण्यात आली. आत येणाऱ्या कुटुंबांतील पुरुष, स्त्रिया व मुले ह्यांस तेथे वेगवेगळे ठेवीत. 1834 च्या कायद्याने अशीच व्यवस्था देशभर पसरली. पुढे 1930 साली हे काम कौन्सिलांच्या हाती आले. कौन्सिल म्हणजे आपल्याकडील म्युनिसिपालिटी किंवा जिल्हा बोर्ड असे समजावे. मग 1948 च्या कायद्याने असे ठरविले की, ज्या मुलास सांभाळणारे कोणी नाही त्याचे हित साधणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी प्रत्येक कौन्सिलने मुलांकरिता निराळी कमिटी व निराळा अधिकारी नेमावा. हेतू उत्तम होता. अनाथाचा कैवार घेण्याची जी आज्ञा शास्त्रात वारंवार आढळते, तीच जणू राज्याच्या कायद्यात लिहिली गेली.

परंतु कायद्यात लिहिलेली माया मुलाच्या बिछान्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. नॉटिंगहॅम शहरात बीचवुड नावाचे एक बालगृह 1967 पासून 2006 पर्यंत चालू होते. तेथे काय घडले ह्याची चौकशी सरकारने नेमलेल्या एका मोठ्या मंडळाने केली. प्रोफेसर अलेक्सिस जे ह्या बाई त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांचा अहवाल 31 जुलै 2019 रोजी प्रसिद्ध झाला. त्या शहराच्या व भोवतालच्या परगण्याच्या कौन्सिलांच्या सांभाळात असताना आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला, असे सांगणारी सुमारे 350 माणसे पुढे आली होती, आणि त्यांच्या हकीगती 1960 च्या सुमारापर्यंत मागे जात होत्या. बीचवुडात नोकरांचा दरारा व मारहाण हा रोजचाच प्रकार असे. नोकरांस पुरेसे शिक्षण दिलेले नव्हते. मुलांनी तोंड उघडले तरी बहुधा त्यांच्यावर विश्वास ठेवला जात नसे. ज्यांस दुसरे घर नाही त्यांनी पळून जावे तरी कोठे?

ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे काम प्रथम शहराच्या कौन्सिलकडे होते, 1974 साली ते परगण्याच्या कौन्सिलकडे गेले, आणि 1998 साली पुन्हा शहराकडे आले. त्यामुळे प्रत्येकास म्हणण्यास वाव होता की, ते दिवस आमचे नव्हते, ते अधिकारी आमचे नव्हते. 2018 साली परगण्याच्या कौन्सिलने जाहीर क्षमा मागितली. शहराच्या पुढाऱ्यांचे म्हणणे मात्र आरंभी असे पडले की, क्षमा मागण्यासारखे काही असेल तेव्हा आम्ही मागू. ते ऐकून ज्यांनी सोसले होते त्यांची जखम पुन्हा उघडली. पुढे त्या कौन्सिलनेही क्षमा मागितली.

आता ह्यावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगतो की, बापाच्या पापाचा दोष मुलावर येत नाही. शिवाय सर्वांनीच दोष पत्करला तर खरा अपराधी गर्दीत लपून जाईल, हेही भय आहे. ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. अपराध्यास न्यायासनापुढे उभे केलेच पाहिजे, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगू नये. परंतु दोष निराळा आणि देणे निराळे. बापाचे शेत मुलाने आपल्या नावावर करून घेतले, तर त्यावरील कर्ज मला ठाऊक नाही असे त्यास म्हणता येत नाही. कौन्सिलचे सभासद बदलतात, पण तिचे नाव, तिची दप्तरे, तिच्या इमारती व तिचा मान ही पुढच्यांस वारशाने मिळतात. ज्याने मान घेतला त्याने देणेही घेतले. नहेम्या व दानीएल ह्या देवभक्तांनी आपल्या पूर्वजांच्या पापांची कबुली देताना ‘ते’ असे म्हटले नाही, ‘आम्ही’ असे म्हटले, तेही ह्याच कारणास्तव असावे.

आणि हे देणे पैशाने फिटण्याजोगे नाही. ज्या मुलास एकदा खोटे ठरविले, ते पन्नास वर्षांचे झाले तरी खोटेच राहते, जोवर त्यास खोटे म्हणणारी संस्था स्वमुखाने म्हणत नाही की, तू खरे बोललास, आम्ही ऐकले नाही. भरपाईची रक्कम कोर्टही देववील, पण हा शब्द त्या संस्थेवाचून दुसऱ्या कोणास देता येत नाही. म्हणूनच तो मागावा लागला ह्याचे दुःख अधिक.

पवित्र शास्त्रातील हात धुण्याचे दोन प्रसंग येथे ताडून पाहावे. पिलाताने हात धुतले ते जबाबदारी झटकून टाकण्यासाठी. त्या नगराच्या वडिलांनी धुवावयाचे ते ओढ्यापर्यंत चालत जाऊन, हे प्रेत आमच्या शिवेजवळ पडले, असे कबूल केल्यावर. त्यांच्या तोंडचे शब्दही विचार करण्यासारखे आहेत. आमच्या डोळ्यांनी हे पाहिले नाही, असे त्यांस सांगावे लागे. ज्या संस्थेच्या दारी मुले रडून सांगत होती, तिला एवढेही म्हणता आले नसते.

प्रिय वाचकहो, दूरच्या शहरास दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपलीही लेकरे शिक्षणासाठी वसतिगृहांत राहतात, आणि त्यांस तेथे पोहोचवून आपण निश्चिंत होतो. सुटीत घरी आलेले मूल परत जाण्याच्या दिवशी गप्प बसले, किंवा पोट दुखते म्हणून लागले, तर त्याला रागे भरण्यापूर्वी जवळ बसवून विचारावे. त्याने ज्याचे नाव घेतले तो मंडळीतील मानाचा मनुष्य असला, तरी प्रथम ऐकून घ्यावे, आणि मग ते प्रकरण मंडळीत दाबून न ठेवता कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे न्यावे. मंडळीचे नाव जाईल असे भय वाटल्यास, प्रेत पडलेल्या जागेपासून आपली शीव किती अंतरावर आहे हे अगोदर मोजून पाहावे.