सगळ्यांसाठी एकच ल

शिरोरेषा कापलेली देवनागरी आता इतकी अंगवळणी पडली आहे की काही कापलं आहे हेही जाणवत नाही. रायपुरात तेलीबांधा तलावाभोवतीच्या फरसबंद रस्त्याला लोकांनी ‘मरीन ड्राइव्ह’ करून टाकलं आहे. त्याच्या आसपासचे कॅफे, जिम, दातांचे दवाखाने, गृहसंकुलं यांच्या पाट्या संध्याकाळी उजळल्या की सगळ्या एकाच घराण्यातल्या वाटतात. सारख्या जाडीच्या रेघा, कंपासनं काढल्यासारखे गोल, भरपूर मोकळी जागा, फार तर एखादा लाल चौकोन. या घराण्याचं मूळ गाव फार लांब आहे. मोंद्रियान आणि त्याच्या डच सोबत्यांनी उभ्या-आडव्या रेघांवर भागवायचं ठरवलं, रशियात लिसित्स्की आणि रोदचेंको यांनी पोस्टरवर अक्षरं इमारतीसारखी रचली, आणि जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या शाळेत या सगळ्याचा अभ्यासक्रम झाला. पाटी करणाऱ्या मुलाला हे ठाऊक असेलच असं नाही, आणि नसलं म्हणून बिघडतही नाही. आपण बोलतो त्या भाषेचे व्याकरणकार आपल्याला कुठे माहीत असतात?

प्रभाव आला याबद्दल माझी तक्रार नाही. अनुवाद करून पोट भरणाऱ्या माणसानं बाहेरून आलेल्या गोष्टींविषयी तक्रार करणं शोभतही नाही. मला सतावणारा प्रश्न वेगळा आहे. त्या चळवळींनी आकारांबरोबर एक नैतिक दावाही पाठवला होता: साधा आकार हा सगळ्यांचा आकार असतो. हा दावा करताना ‘सगळ्यां’त कोणाला धरलेलं असतं?

दाव्यामागचा हेतू उदात्त होता, हे आधी मान्य करायला हवं. महायुद्धानं युरोप उद्ध्वस्त झाला होता. राष्ट्रांचे अलंकार, घराण्यांची चिन्हं, गिचमिड्या जर्मन गॉथिक लिपीचा अभिमान या सगळ्याचा तरुणांना उबग आला होता. बाउहाउसमधल्या हर्बर्ट बायरनं १९२५ च्या सुमारास एक ‘वैश्विक’ वर्णमाला आखली. तिच्यात फक्त लहान अक्षरं होती. युक्तिवाद सरळ होता: बोलताना मोठं अक्षर ऐकू येत नाही, तर मग लिहायचं कशाला? एका आवाजासाठी दोन चिन्हं शिकण्यात मुलांचा वेळ का घालवायचा आणि छापखान्यात दुप्पट खिळे का ठेवायचे?

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं कधी नव्हतीच. बायरला जे झगडून मिळवायचं होतं ते आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही फुकट मिळतं. म्हणजे त्याचा प्रश्न आपल्याला लागू नव्हता. आपण घेतलं ते त्याचं उत्तर. कंपास आणि पट्टी घेतली, शंका घेतली नाही.

पण आपल्याकडे स्वतःचे प्रश्न विचारणारी माणसं होती, आणि तीही जवळपास त्याच काळात. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम चालवली: इ, ई, उ, ऊ ही वेगळी चिन्हं टाकून अ लाच वेलांटी-उकार द्यायचे, म्हणजे अि, अी, अु, अू. विनोबांची लोकनागरीही त्याच वाटेनं गेली. राजकारणात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन गोटांचं ‘अि’वर एकमत व्हावं, याची मला अजून गंमत वाटते. दोघांची चिंता एकच होती: खिळे कमी व्हावेत, छपाई स्वस्त व्हावी, शिकणाऱ्याचा भार हलका व्हावा. जुन्या पुस्तकांत ही अक्षरं भेटतात तेव्हा क्षणभर अडखळायला होतं, पण दोन पानांत सवय होते. पुढे १९५३ साली लखनौच्या लिपीसुधार परिषदेनं तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून उजवीकडे न्यायचं ठरवलं. उच्चाराच्या क्रमानं पाहिलं तर ते तर्कशुद्धच होतं. काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. तर्क हरला आणि हात जिंकला, असं म्हणता येईल. किंवा आळस जिंकला, असंही.

सुलभीकरणाच्या विरोधात बोलणाऱ्यानं हा इतिहास समोर ठेवूनच बोलावं. अवघड लिपी ही ज्यांना शिकायला वेळ आणि शिक्षक दोन्ही मिळतात त्यांच्या सोयीची असते. साधेपणाची मागणी अनेकदा खालून येते, आणि तिला ‘परंपरेचा अपमान’ म्हणणारे बहुधा वर बसलेले असतात.

तरीही ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द मला सुखानं झोपू देत नाही. यान चिखोल्डचं उदाहरण त्यासाठीच महत्त्वाचं. १९२८ साली त्यानं ‘नवी अक्षररचना’ या नावाचं पुस्तक लिहून सगळ्या मुद्रकांना नियम घालून दिले: टोकांना शेपट्या नसलेली अक्षरंच वापरा, पान मध्यावर तोलू नका, अलंकार टाका. १९३३ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला निघून गेला. पुढे १९४६ मध्ये माक्स बिल या कलावंतानं त्याच्यावर आधुनिकता सोडल्याचा आरोप केला, तेव्हा चिखोल्डनं दिलेलं उत्तर कडू होतं. आपल्या तरुणपणीच्या त्या हट्टात, एकच रीत खरी आणि बाकी सगळ्या मोडीत, या आग्रहात, आपल्याला तुरुंगात टाकणाऱ्यांच्याच वृत्तीचा अंश होता, असं त्यानं सुचवलं. तुलना अतिरेकी आहे. शेपटी नसलेल्या अक्षरानं कोणी मेलं नाही. पण स्वतःच्या सद्हेतूकडे इतक्या संशयानं पाहणारा कलावंत विरळा.

उलट बाजूचा दाखला फ्रांझ एर्लिखचा. बाउहाउसचा हा विद्यार्थी कम्युनिस्ट म्हणून पकडला गेला आणि १९३७ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत पोचला. फाटकावरच्या लोखंडी अक्षरांची आखणी त्याच्याकडून करून घेण्यात आली. मजकूर होता ‘ज्याचं त्याला’, आणि अक्षरं आतल्या कैद्यांना वाचता यावीत अशा दिशेनं बसवली होती. एर्लिखनं ती आपल्या शिक्षकांच्या, म्हणजे नाझींनी बंद पाडलेल्या शाळेच्या वळणात काढली. पहारेकऱ्यांच्या ते लक्षात आलं नसावं. याला बंड म्हणायचं की क्रूर वाक्य सुंदर करून देणं? मी दोन्ही बाजूंनी वाद घालून पाहिला आहे आणि कुठेच टिकून राहता आलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की तोच आकार मुक्तीचाही असतो आणि फाटकाचाही. आकाराला आपली अशी नीती नसते. तो कोणाच्या नावानं, कोणासमोर ठेवला जातो, यावरून ती ठरते.

मग आपल्या पाट्यांकडे पाहावं. शिरोरेषा काढणं मुळातच परकं आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गुजरातीनं ती कधीच टाकली. घाईत लिहिणारे आपण सगळे ती टाकतो; किराण्याच्या यादीवर कोण रेघ ओढत बसतं? मोडीत तर आधी ओळभर रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं पळवत. म्हणजे रेघ हा कधी अक्षराचा अवयव होता, कधी नुसता आधार.

अडचण नेमक्या दोन जागी येते. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला भेद बराचसा शिरोरेषेवरच उभा आहे: घ आणि म यांच्या डोक्यावरची रेघ अखंड, ध आणि भ यांची तुटलेली, टोकाला छोटंसं वळण. रेघ कापली आणि वळणही ‘अनावश्यक’ म्हणून गोलात विरघळवलं, की भेद गेलाच. माझ्या रोजच्या रस्त्यावर एका नव्या संकुलाच्या नावात ‘धाम’ आहे. फाटकावर मात्र मोठ्या, देखण्या, तकाकणाऱ्या अक्षरांत ‘घाम’ वाचायला मिळतो. रायपूरच्या मे महिन्यात ते अगदीच खोटं नाही. पण हाच न्याय औषधाच्या वेष्टनाला किंवा बँकेच्या अर्जाला लावला तर हसू येणार नाही. ‘भरण’ आणि ‘मरण’ यांत आकाराची किती थोडी जागा आहे ते लिहून पाहावं.

र. कृ. जोशींसारख्या माणसाचं मोल इथे कळतं. ते जाहिरातींच्या जगात वाढले, पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवू लागले. आधुनिक दृश्यकला त्यांनी टाळली नाही, अक्षरांच्याच कविता रचल्या. पण अक्षर घडवताना ते बोरूच्या फटकाऱ्यापासून सुरुवात करत. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. त्याच्याविषयी कोणी भारावून बोलत नाही, कारण तो वाचताना आड येत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६० च्या दशकात स्विस शिक्षक आले, फ्रुटिगरसारखा अक्षरकारही आला; तिथून निघालेल्यांनी भारतीय लिप्यांवर गंभीर काम केलं. आणि आज मुंबईत ‘एक टाइप’सारखे गट अनेक भारतीय लिप्या शेजारी ठेवून अक्षरं घडवतात. तेव्हा दोष ‘प्रभावा’चा नाही. कोणी प्रश्नासकट घेतलं आणि कोणी नुसतं उत्तर उचललं, एवढाच फरक.

आता ल कडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल उजवीकडे उभा दंड असलेला. मराठी श देठाचा, हिंदी श गाठीचा. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची प्रमाण रूपं म्हणून जाहीर केली. संगणकाला मात्र दोन ल माहीत नाहीत. युनिकोडमध्ये ल एकच, त्याला क्रमांक एकच. रूप कोणतं दिसेल हे फॉन्टनं ठरवायचं. आवाज एक तर चिन्ह एक, बायरचाच न्याय. (‘ॲ’ला तर स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ उजाडावं लागलं. तोवर आपल्या ‘ॲ’चं संगणकाच्या लेखी स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं.)

इथे मराठी माणसानं लगेच हुतात्मा होऊ नये. हिंदीचे जुने अ, झ, ण वेगळे होते. आज प्रमाण हिंदीत चालतात ते मुंबई वळणाचे, म्हणजे आपलेच. देवाणघेवाण झाली आहे. याच छत्तीसगढात, पेंड्र्याहून, मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. त्यांना दोन्ही वळणं दिसत असणार, आणि ती वेगळी आहेत म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

गेल्या वर्षी छत्तीसगढी लोककथांचा माझा मराठी अनुवाद समोरासमोर दोन्ही भाषा ठेवून छापायचं ठरलं. पानं रचणारा मुलगा हुशार, त्याची नजर स्वच्छ. त्यानं दोन्हीकडे एकच फॉन्ट, एकच ल लावला. मी हटकलं तर म्हणाला, “दीदी, दोनों तरफ़ एक जैसा दिखे, तभी तो बराबरी लगेगी.” त्याच्या वाक्यात खोट काढणं सोपं नव्हतं. छत्तीसगढीला आजवर ‘बोली’ म्हणून खाली बसवलं गेलं. समोरच्या पानावरची प्रमाण मराठी वेगळ्या, तालेवार वळणात आली तर तीच उतरंड पुन्हा दिसणार होती. आणि मी मागत होते ते माझ्या भाषेसाठी.

तरी मी मागितलं. बराबरी म्हणजे सारखं दिसणं असेल तर अनुवादच नको. मग समोरासमोर दोन पानं कशाला? जुन्या छत्तीसगढी बोलण्यात श जवळजवळ नाहीच, त्याचा स होतो. म्हणजे डाव्या पानावर श क्वचितच येणार, उजव्या पानावर ओळीओळीला. त्या पुस्तकात श चं वळण ठरवताना विचारात घ्यायचा वाचक मुख्यतः मराठीच होता, आणि त्यालाच दुसऱ्याचा श मिळत होता. हे मी त्याला दाखवलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्यानं शोधून काढलं की त्याच फॉन्टच्या पोटात मराठी रूपं दडलेली होती. मजकुराला ‘ही मराठी’ अशी खूण केली की ती वर येतात. फॉन्ट एकच राहिला, दोन पानांची जाडी-उंची जुळली, ल दोन झाले. ई-पुस्तकात काही फोनवर ती खूण वाचली जात नाही आणि ल पुन्हा एक होतो. त्यावर आम्हाला इलाज सापडलेला नाही.

मुखपृष्ठावर त्याला शिरोरेषा नकोच होती, आणि मला ते आवडलं. शीर्षकात एक भ आहे. तेवढा त्यानं फॉन्टमधून घेतला नाही. कागदावर कट-निबनं वीस-पंचवीसदा काढला आणि त्यातला एक, डोक्यावरच्या वळणासकट, स्कॅन करून बसवला.