माप ज्याच्या त्याच्या अंगुळांनी

वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात रचनाशारीर शिकताना सुश्रुतही वाचावा लागतो आणि आधुनिक शरीररचनाही. सुश्रुत हाडं 300 मोजतो, आजचं पुस्तक 206. चर्चा होते ती बहुधा या आकड्यांचीच. मला सुश्रुताची दुसरी गोष्ट मोलाची वाटते: देहाचं माप तो त्याच माणसाच्या अंगुळांनी घ्यायला सांगतो. त्याने सांगितलेली मर्मं, म्हणजे देहातल्या नाजूक जागा, ही काही कवटीतली छिद्रं नव्हेत. ओढूनताणून तसा मेळ घालू नये. पण मापाचा हा विचार चेहऱ्याच्या हाडांना नेमका लागू पडतो.

चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मुख्य नसा भुवईच्या हाडावर, डोळ्याच्या खोबणीखाली आणि हनुवटीच्या बाजूला हाडातून बाहेर येतात. 1884 मध्ये डॉक्टर कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये शल्यवैद्य हाल्स्टेडने जबड्याच्या नसेजवळ सुई टोचून जबडा बधिर केला. तेव्हापासून नसेची वाट नेमकी कुठे, हे डॉक्टरला रोज लागणारं ज्ञान झालं. पुस्तकातल्या आकृतीत मात्र एकच ठिपका काढता येतो. हनुवटीजवळचं छिद्र युरोपीय वंशाच्या जबड्यांत पुष्कळदा दोन उपदाढांच्या मधल्या जागेखाली असतं, तर भारतीय जबड्यांत बहुधा दुसऱ्या उपदाढेच्या सरळ खाली.

असे फरक बराच काळ गमतीदार अपवाद म्हणून नोंदले जात. भुवईवर कुणाला नुसती खाच, कुणाला पुरं छिद्र. डोळ्याखाली कुणाला एकाऐवजी दोन. गालाच्या हाडावर कुणाला अनेक, कुणाला एकही नाही. 1967 मध्ये संशोधक बेरी दांपत्याने जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या कवट्यांवर असे बारीक फरक मोजले, समाजासमाजांतली त्यांची प्रमाणं ताडून पाहिली, आणि अपवादांनाच अभ्यासविषयाचं स्थान मिळालं. माझ्या मते खरं वळण हेच.

तरी कोरडी कवटी बोलत नाही. महाविद्यालयांतल्या कितीतरी कवट्यांचं वय आणि लिंगही ठाऊक नसतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात त्रिमितीय स्कॅन आला आणि समोर बसलेल्या माणसाचाच जबडा आतून दिसू लागला. जादा छिद्रातून नसेची एखादी शाखा निघत असेल, तर नेहमीच्या जागी दिलेलं इंजेक्शन अपुरं पडू शकतं. अशा वेळी ‘अजून दुखतंय’ म्हणणाऱ्या पेशंटला भित्रा ठरवणं हा अन्याय आहे. इम्प्लांटचं ड्रिल नसेला लागलं, तर ओठ कायमचा बधिर राहू शकतो. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं आणि हनुवटीजवळचं छिद्र हिरडीच्या कडेपाशी येतं. बीडीडी चाळीतल्या एखाद्या आजीने ‘कवळी टोचते’ म्हटलं, तर कवळी घासण्याआधी कवळीची कड नेमकी त्या छिद्रातून निघणाऱ्या नसेवर दाबत नाही ना, हे बोटाने चाचपून पाहायला हवं.