दंड आणि प्रायश्चित्त

सप्टेंबर २०१९ मध्ये बिनहेल्मेटचा दंड १०० वरून एकदम १,००० रुपये झाला. सगळीकडे ओरड झाली, तेव्हा कर्नाटक सरकारने त्याच महिन्यात तो ५०० वर आणला. आमच्या जोयड्यात जो तो म्हणाला, "सुटलो बाई!"

ओरडणाऱ्यांत मीही होते. कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाने दांडेलीत ५०० रुपये भरले, तेव्हा त्या घरात आठवडाभर तेल-डाळीला पैसे नव्हते. आमच्या चिरंजीवांनी तेवढेच हसत भरले नि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोडक्या डोक्याने निघाले! रक्कम एक, पण शिक्षा एकालाच झाली. आपल्याकडे प्रायश्चित्त देतानासुद्धा शक्ती बघतात; उपवास झेपत नसेल त्याला एकासणं सांगतात. म्हणून लोकांचा विरोध मला खोटा वाटत नाही.

पण दंड अर्धा झाला म्हणून अनमोड घाटातली वळणं अर्धी झाली का? तिन्हीसांजेला रस्त्यात येणारा गवा थांबला का? ईर्यासमिती सांभाळणाऱ्या आपण पायाखालची मुंगी वाचवतो. मग पोटच्या पोराचं डोकं? समोरून चालत येणारा माणूस? बेसावधपणा हीच हिंसा, हे पाठ आहे आपल्याला. दारात गाडी सुरू झाली की नेमकं विसरतं.

हल्ली गाडीची किल्ली मी हेल्मेटातच ठेवते. मुलगा कुरकुरतो. कुरकुरू दे.