माशाची साक्ष

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हा मी दहावी होऊन औतामागं लागलो होतो. आमचं नदीकाठचं रान पाण्यात गेलं. उरलेल्या माळावर पाईपलाईन आणून आम्ही ऊस केला. ज्या पाण्यानं आमचं नेलं त्याच पाण्यावर जगतोय, म्हणून त्याला नावं ठेवताना जीभ जरा अडखळतेच.

आधी भीमेत वाम, मरळ, शिंगटा मिळायचा. आता आमच्या शेजारच्या भोयाच्या जाळ्यात बघावं तर चिलापीच जास्त. पुण्याची माणसं भिगवणला गाड्या लावून मासे खातात. मुळा-मुठेतून त्यांचंच सांडपाणी भीमेला मिळतं आणि इथं येतं, त्यातच हा मासा वाढतो. जेवणाऱ्याला मी हे सांगत नाही. कुणाच्या अन्नात माती का कालवा?

माझी पुतणी माशांचं शास्त्र शिकलीय. तिला म्हटलं, "आता तर पाणी शुद्ध करून सोडतात म्हणं."

"करतात काका, सगळं नाही, पण करतात. न केल्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण माशाचं त्यात भागत नाही."

मग तिनं समजावलं. प्लांटात गाळ बसतो, जिवाणू घाण खातात. तरी अमोनिया मागं राहिला तर माशाचे कल्ले पोळतात. नत्र-स्फुरद राहिलं की पाणी हिरवं होतं. ते शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. पहाटे मोटर बघायला गेल्यावर मासे पाण्यावर तोंड काढून आ-आ करताना मी कितीदा पाहिलेत. मला वाटायचं, खेळतात.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी गप्प झालो. इंग्लंडात अशाच प्रक्रिया केलेल्या पाण्याखालच्या नद्यांत नर माशांच्या पोटात अंडी सापडली. बायकांच्या पोटातून, गोळ्यांतून जाणारं संप्रेरक प्लांटातून थोडं निसटतं. कॅनडात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं एका तळ्यात गोळीतलं तेच औषध मुद्दाम सोडलं. लिटरला ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्ज भाग करून त्यातले पाच-सहा. तेवढ्यानं तिथल्या एका बारक्या माशाची जात त्या तळ्यातनं जवळजवळ संपली. मासा तडफडून मेला नाही. पुढं पिलावळच धरली नाही.

"मग पाणी शुद्ध म्हणणारे खोटं बोलतात काय गं?"

"नाही काका. जे मोजायचं ठरलंय ते मोजतात, ते बसतं. हे मोजायचं ठरलेलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना. खोटं न बोलता फसवता येतं, हे शिकायला मला शहरात जायची गरज नव्हती. मी बाजाराच्या वांग्यावर फवारा मारून तिसऱ्या दिवशी तोडा केलाय. घरच्या खाण्याला दोन सऱ्या वेगळ्या, बिनफवाऱ्याच्या. व्यापाऱ्यानं वजन बघितलं, चकाकी बघितली. औषध कधी मारलं ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पट्टी बरोबर आली. पाप कुणाचं? विचारणाऱ्याचं की गप्प बसणाऱ्याचं? मी तेव्हा स्वतःला म्हणायचो, विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता वाटतं, नसतं सांगितलं.

वांगी खाणारा निदान दवाखान्यात जाऊन बोंब मारील. माशाला तोंड आहे, पण ते फक्त पहाटे पाण्यावर काढायला.

परवा धक्क्यावर भोई जाळं झाडत होता. मी शहरावर जरा जोरातच बोललो. त्यानं ऐकून घेतलं नि म्हणाला, "खरं हाय आबा. पर तुमच्या उसाचा युरिया पावसात कुठं जातो ओ?"

मी म्हटलं, "इथंच."

तो हसला नाही. दोन चिलाप्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. घरी कालवण झालं, सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. रात्री लाईट आली तसा उठून मोटर सुरू करायला गेलो.