चावी सांभाळणाऱ्याचा प्रश्न

कुलूप सज्जनांसाठी असते, चोरांसाठी नसते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वाक्य खोटे नाही. पण ते म्हणून टाकले की आपण विषयच सोडून देतो. कुलूप सज्जनासाठी असेल, तर त्याची चावी ज्याच्या हाती दिली आहे त्या सज्जनाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. गेल्या वर्षी एका साध्या घरगुती कामात तो माझ्यापुढे उभा राहिला. शरणबंधू-भगिनींपुढे तो मांडावासा वाटतो.

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झाले होते. दोन वर्षांपूर्वी ते लिंगैक्य झाले. वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे उठून दार उघडायला त्यांना वेळ लागतो. दादांनी दाराला एक महागडे लॅच बसवून घेतले होते. त्याची चावी रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे होत नाही. कुलपासोबत एक कार्ड येते. ते दाखवावे, तेव्हा ठरलेला दुकानदार नक्कल मागवून देतो. चाव्या दोन होत्या. एक इस्पितळाच्या धावपळीत कुठे गेली ते कळले नाही, आणि कार्ड दादांनी कुठे ठेवले होते ते दादांनाच ठाऊक. दुकानदाराने विक्रीची पावती मागितली, मग सोसायटीचे पत्र, मग वारसाचा दाखला. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

परंतु तिकडे काय झाले ते पाहा. कामाच्या बाई सकाळी येत तेव्हा वहिनी पूजेत असत. बेल वाजली की धडपडत उठणे जिवावर येई. म्हणून त्यांनी उरलेली एकुलती एक चावी सुतळीला बांधून जिन्यातल्या मीटरच्या पेटीत टांगून ठेवायला सुरुवात केली! ज्या चावीची नक्कल राजरोस मागूनही मिळत नव्हती, ती चावी दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सर्वांना दिसत होती. मी रागावलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मग तुम्हीच तुमच्या बेळगावात कुणी करून देतं का बघा."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी छत्री लावून एक चावीवाला बसतो. तीस वर्षे तरी मी त्याला पाहतो आहे. त्याने चावी उलटसुलट करून पाहिली, कडेच्या खाचांवरून नख फिरवले आणि परत दिली. "काका, हिची कोरी चावी बाजारात मिळत नाही. कानस आहे माझ्याकडं, पण ती चालवू कशावर?"

त्याच्या बोलण्यात सगळे यंत्र आले. साध्या लॅचमध्ये लहान-मोठ्या उंचीच्या पाच-सहा पिना असतात. चावीचे दाते त्या पिनांना बरोबर एका रेषेत उचलतात आणि कुलूप फिरते. दाते कापणे हे काही मिनिटांचे काम. पण दाते ज्या पट्टीवर कापायचे, त्या कोऱ्या चावीच्या अंगावरच्या आडव्या खाचा कुलपाच्या तोंडाशी जुळाव्या लागतात. नामांकित कंपन्या या घडणीचे पेटंट घेतात आणि कोऱ्या चाव्या ठरलेल्या दुकानदारांनाच देतात. पेटंट साधारण वीस वर्षांत संपते. मग ती पट्टी कोणीही घडवू शकतो. म्हणजे ही मनाईसुद्धा कायमची नव्हे. तरी तिच्यामागे काहीतरी ठोस आहे.

दुसरी मनाई मात्र निव्वळ अक्षरांची असते. साध्याच चावीवर इंग्रजीत 'डू नॉट डुप्लिकेट' असे कोरतात आणि मालक निर्धास्त होतो. पट्टी बाजारात हवी तितकी मिळते. न विचारणारा चावीवाला ती पाच मिनिटांत करून देतो. अमेरिकेत हा शिक्का फार चालतो, आणि तिथल्या कुलूपकारांच्या संघटनेनेच तो सुरक्षिततेचा भास निर्माण करतो असे सांगून टाकले आहे. शिक्का पाहून थांबतो तो प्रामाणिक कारागीर. थांबत नाही त्याला शिक्क्याचे काही वाटत नाही.

आमच्या चावीवाल्याचा एक नेम आहे. साबणावर उठवलेल्या छापावरून तो चावी करीत नाही. वडिलांनी तशी शपथ घातली आहे म्हणे. "चावी आणा, नाहीतर कुलूप दाखवा." त्याच्या कायकाची ही मर्यादा ऐकून मला धन्यता वाटली, तेव्हा त्यानेच मला जमिनीवर आणले. "पण काका, चावी हातात आहे म्हणजे तो मालक, असं कुठं असतं? मी तोंड बघून ठरवतो. चांगल्या कपड्यातल्या माणसाला कधी विचारलं नाही. फाटक्या शर्टातल्या पोराला दोनदा परत पाठवलंय. नंतर कळलं, त्याच्याच घराची होती."

हे ऐकल्यापासून मला वहिनींच्या कामाच्या बाई आठवू लागल्या.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर काही वर्षांपूर्वी चोरी झाली होती. दार फोडलेले नव्हते. चावीवर तो इंग्रजी शिक्का होता. घरमालकाच्या हिशेबी चाव्या तीनच, आणि तिसरी या बाईंकडे. मग दुसरे कोण असणार? त्यांना दोन दिवस चौकीवर बसवून ठेवले. पुढे उघडकीस आले की आधीच्या भाडेकरूने नक्कल करून ठेवली होती. पण तोवर बाईंची चार घरची कामे गेली होती. शिक्क्याने चोराला अडवले नाही ते नाहीच. त्याने चाव्यांची खोटी मोजदाद उभी केली आणि त्या मोजदादीच्या आधारे एका निरपराध बाईला चोर ठरवले.

चावी देणे म्हणजे विश्वास टाकणे, असे आपण म्हणतो. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चावी घेणे म्हणजे पुढच्या संशयाला आधीच होकार देणे होय. महात्मा बसवेश्वरांच्या चरित्राकडे मी पूर्वी या नजरेने पाहिले नव्हते. कल्याणात ते बिज्जळाचे भांडारी होते. राज्याची तिजोरी त्यांच्या हाती. जंगम-दासोहावर राजाचे द्रव्य उधळले जाते, अशी चहाडी दरबाऱ्यांनी केली. बसवपुराण सांगते की तिजोरी मोजली तेव्हा ती भरलेलीच निघाली. आपण या कथेत चमत्कार पाहतो. मला आता त्यात मोजणी दिसते. भांडारी कितीही शुद्ध असो, त्याच्यावर बोट उठतेच; आणि ते बोट खाली यायचे तर मोजून दाखवता येईल असा हिशेब लागतो. अंतरंग शुद्ध असल्याची साक्ष एकट्या अंतरंगाला जगापुढे देता येत नाही.

कंपनीच्या कार्डाकडेही मी मग वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. त्या कार्डाने चोर थांबतो असे नव्हे. तो खिडकीतून येईल. पण चाव्या नेमक्या किती निघाल्या हे खात्रीने सांगता येते, आणि ती खात्री सर्वांत जास्त त्याच्या उपयोगी पडते ज्याच्याकडे चावी आहे आणि ज्याचा शब्द कोणी धरीत नाही.

आपले कुलूप अभेद्य आहे असे मालक जितके मानेल, तितका संशय चावीवाल्या माणसावर एकवटतो. म्हणून कुलपाचे दोष झाकून ठेवणे हे मला पाप वाटते. 1851 साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रॅमा कंपनीचे प्रसिद्ध कुलूप उघडले. उघडणाऱ्यास दोनशे गिनी देऊ, अशी पाटी दुकानात कित्येक दशके होती. सोळा दिवसांत मिळून सुमारे 51 तास त्याने काम केले आणि कुलूप उघडले. चोरांना हे कशाला शिकवता, असा गलका झाला. त्याचे उत्तर असे होते की चोरांना ते आधीच येते. येत नाही ते मालकांना. अलीकडे, 2008 साली, अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे 195 फुटांवरून काढलेल्या छायाचित्रावरून चावीचे दाते वाचून नक्कल करून दाखवली. चावी एक क्षणही हातातून न सुटता तिची नक्कल होऊ शकते, हे खालच्या मजल्यावरच्या त्या घरमालकाला ठाऊक असते तर?

शरणांमध्ये कन्नद मारितंदे होऊन गेले, हे वाचकांस माहीत आहेच. कन्न म्हणजे घरफोड्याने भिंतीला पाडलेले भगदाड. अंधारात कन्न पाडणार नाही, निजलेल्यांच्या घरात शिरणार नाही, अशा अर्थाची शपथ त्यांच्या वचनात आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ याच पानांतून अनेकदा आला आहे. तो येथे पुन्हा सांगत नाही. मला तिचा साधा अर्थही पुरतो. भिंत कच्ची असेल तर ते घरमालक जागा असताना, उजेडात कळावे.

हिशेब सुटला की काय होते त्याचे उदाहरण पुरीचे. श्रीजगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीची चावी सापडत नाही, हे एप्रिल 2018 मध्ये उघड झाले. जूनमध्ये जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात एक पाकीट मिळाले; वर लिहिले होते, नकली चाव्या. 14 जुलै 2024 रोजी भांडार उघडायला गेले तेव्हा आतल्या खोलीची कुलपे त्या चाव्यांनी उघडली नाहीत, ती तोडावी लागली. मधल्या सहा वर्षांत भक्तांच्या मनात कोणावर संशय आला नाही? सेवेकऱ्यांवर आला, अधिकाऱ्यांवर आला, निवडणुकीच्या सभांतही तो विषय झाला. यांतले निर्दोष किती असतील! त्यांच्या बाजूने बोलेल असा एक कागदही कोणाजवळ नव्हता. आपल्या मठांच्या, संस्थांच्या कोठारांच्या चाव्या कोणाकडे किती आहेत, याची नोंद किती ठिकाणी आहे, हे विश्वस्तांनी आपापल्या मनाशी पाहावे.

वहिनींचे काम अखेर झाले. कार्ड दादांच्या इष्टलिंगपूजेच्या पेटीत, विभूतीच्या डबीखाली निघाले. तीन चाव्या नव्याने आल्या. एक मी घेतली, एक वहिनींनी जवळच्या शेजारणीकडे ठेवली. तिसरी कामाच्या बाईंपुढे धरली, तर त्यांनी हात मागे घेतला. "नको आजी. पेटीतलीच बरी. ती कुणीबी घेऊ शकतं, म्हणून माझ्यावर येत नाही."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी दादांची हिशेबाची वही आणायला सांगितली. कार्डाचा नंबर लिहिला. एकंदर चाव्या पाच. एक हरवली, तिची तारीख अंदाजे. उरलेल्या चार कोणाकोणाकडे. खाली माझी सही घेतली, शेजारणीची घेतली, स्वतःची केली. बाईंनी ते पान दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "हरवलेली सापडली तर लिहाल ना?" वहिनी म्हणाल्या, "कुलूपच बदलायला टाकते." नवीन लॅच पुढच्या आठवड्यात बसले, चाव्या पुन्हा मोजल्या, वहीत नवे पान झाले. मीटरच्या पेटीतली सुतळी मात्र मी परवा गेलो तेव्हाही तिथेच लोंबत होती.