न खेळलेला जुगार

आयुष्यात मी कधी पत्त्यांवर पैसे लावले नाहीत. याचा मला थोडा अभिमानही होता. तो यंदा गळून पडला.

निवृत्तीनंतर ऑनलाइन पैशांचे खेळ चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी घेतले. ‘आपण कुठे खेळतोय? आणि सरकारच ऑक्टोबर २०२३ पासून यावर २८ टक्के जीएसटी घेतंय, म्हणजे धंदा चोख असणार,’ अशी मनाची समजूत घातली.

२० ऑगस्ट २०२५ रोजी असे खेळ बंद करणारे विधेयक लोकसभेत संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत जायचे होते. तो गुरुवार. मी देवळात आरतीला उभा, हातात टाळ आणि मनात शेअरचा भाव. हा कायदा होऊ नये, असे मी चक्क दत्तगुरूंकडे मागितले! शेजारी आमच्या आळीतले एक गृहस्थ हात जोडून उभे होते. त्यांच्या मुलाने याच खेळांपायी घर गहाण टाकायची वेळ आणली होती. त्यांचे मागणे काय असेल, हे मनात आले आणि माझे टाळ थांबले.

जुगाराच्या अड्ड्याचा मालक स्वतः खेळत नाही. कोणीही जिंको, प्रत्येक डावातून आपली नाल काढतो. कंपनीचेही तेच. त्या वसुलीत माझा वाटा होता. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माझे पैसे खेळवणाऱ्याच्या बाजूला होते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांतला कुरर पक्षी चोचीतले मांस टाकतो आणि सुखी होतो. मीही पडत्या भावात शेअर टाकले. पण खरे सांगतो, ते तोट्याच्या भीतीने, वैराग्याने नव्हे. म्हणून सुख काही मिळाले नाही. शिवाय आधी काही शेअर चढ्या भावात विकले होते, तो नफा खात्यात आहेच.

तो दानपेटीत टाकावा, असे वाटले. मग लाज वाटली. हरलेल्यांच्या घरातला पैसा देवाला वाहून मी काय सुटणार? आता त्या गृहस्थांकडे जायचे ठरवले आहे. गहाण सोडवायला ते पैसे घेतील की दारातूनच परत पाठवतील, कोण जाणे. पण आधी सगळे सांगायला हवे.

आपला पैसा कोणाच्या चुलीवर पाणी ओततो, हे विचारायला कायद्याची वाट कशाला पाहायची?