थांबायचं कुठे?

पडद्यावरचं मूल गप्प झालं की मला राहवत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा असं होत नसे. तिथे गप्प बसलेलं मूल अख्खं दिसायचं. बोट अक्षराखाली रेंगाळतंय, ओठ हलताहेत, म्हणजे आत काहीतरी चाललंय, हे कळायचं. मोबाइलच्या चौकटीत कपाळ दिसतं, एखादा डोळा दिसतो, आणि आवाज नाही. नेट गेलं का? माझं ऐकू येत नाहीये का? की वाचताच येत नाहीये? हे प्रश्न पुरते पडायच्या आत माझं तोंड उघडलेलं असतं. ‘‘मा... मासा! हो ना?’’ तो म्हणतो, ‘‘मासा.’’ मी म्हणते, ‘‘शाब्बास!’’ शेजारी बसलेली आई हसते.

ते शाब्बास नेमकं कुणाला होतं?

मुलगा पहिलीतला. गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. पहिल्याच आठवड्यात वडील सहज म्हणून गेले होते, ‘‘मलापण वाचायला लई त्रास व्हायचा, ताई.’’ हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्याकडे नंतर येते.

आधी त्या गप्प राहण्याबद्दल. वाचायला लागलेल्या मुलाला ‘कि’ वाचताना काय काय करावं लागतं? वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तिचा आवाज मागून काढायचा असतो. घ आणि ध, भ आणि म यांतला फरक शिरोरेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे. हे सगळं जमवून अक्षराचा आवाज आठवायचा, तो तोंडात धरून ठेवायचा आणि पुढच्याला जोडायचा. ज्या मुलांना पुढे डिस्लेक्सिया निघण्याचा संभव असतो, त्यांना नेमकं इथेच जास्त वेळ लागतो. म्हणजे त्याची ती दोन-चार सेकंदं रिकामी नव्हतीच. शिकणं तिथेच चाललं होतं, आणि मी दर वेळी मध्ये पडून ते संपवत होते.

मूल हुशार होतं. त्याने माझा स्वभाव ओळखला. चित्राकडे बघायचं, आईची कुजबुज टिपायची, नाहीतर जरा थांबायचं, ताई पहिलं अक्षर सांगतातच. एकदा मी चित्र नसलेले, अर्थ नसलेले शब्द दाखवले, टिमू, लाफे असले. अंदाज बांधायला काही उरलंच नाही. त्याने आईकडे पाहिलं. तिलाही ते शब्द माहीत नव्हते, त्यामुळे कुजबुज झाली नाही. मग मला कळलं, की इतके दिवस मी ज्याला वाचन म्हणत होते ते काय होतं.

घाई का होते मला? मायेपोटी, असं म्हणायला आवडलं असतं. खरं कारण असं, की अर्ध्या तासाचे पैसे देणारी आई समोर बसलेली असते. वर्गात मला कुणी पाहत नव्हतं. इथे प्रत्येक तास म्हणजे जणू माझीच तपासणी. मूल अडखळलं तर शिकवणं अडखळलं असं दिसेल, ही भीती. साठी ओलांडलेल्या बाईला अजून असं वाटावं?

दोष तंत्रावर टाकता येतो, आणि तो अगदीच खोटाही नाही. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवायला सांगितलं तर ॲप त्या टाळ्यांना गोंगाट समजून गाळून टाकतं. फोनच्या स्पीकरवर क आणि ख, स आणि श एकमेकांत मिसळतात, आणि या मुलांचा तर कानच आधी तयार करायचा असतो. आवाज उशिरा पोचतो, म्हणून एका सुरात म्हणणं जमत नाही. पण हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी सरावाच्या त्याच चिठ्ठ्या पडद्यावर दाखवत राहिले, कारण त्या तयार होत्या.

आता वडिलांचं ते वाक्य. फिनलंडमध्ये युवास्क्युला विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून, ज्यांच्या घरात डिस्लेक्सिया आहे अशी मुलं जन्मापासून पाहिली. वाचन सुरू होण्याच्या कितीतरी आधी खुणा दिसतात, हे त्यातून पुढे आलं. आई किंवा वडिलांना हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता साधारण ४० टक्क्यांच्या आसपास धरतात. आपल्याकडेही मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ हा चाचणीसंच आणला, त्यात मराठी आहे, आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरायची प्राथमिक पडताळणीही आहे. तेव्हा साधन नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तरी आईने विचारलं तेव्हा मी काय म्हटलं? ‘‘मुलगे जरा उशिराच वाचतात. बघू पुढच्या वर्षी.’’ आधाराला कारणंही होती. निदान साधारण आठव्या वर्षाआधी करत नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसतं, की आपल्यासारख्या लिपीतली सगळी अक्षरं हाती यायला प्राथमिकची बरीच वर्षं जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी त्यांचा आडोसा केला. धोका आहे असं सांगणं म्हणजे निदान नव्हे, एवढं तर मला कळत होतं. कळत नव्हतं ते असं, की हे ऐकल्यावर त्या मला ठेवतील की नाही.

तीन सेकंदं थांबवत नव्हतं मला. वर्षभर थांबायला मात्र तयार होते.

आता शब्द दाखवला की मी माझा माइक बंद करते. स्वतःवर भरवसा नाही, म्हणून ते बटण. कानाचे खेळ कॅमेरा बंद ठेवून घेते, टाळ्यांच्या जागी आई मुलाच्या तळहातावर थापट्या मारते. ताटात रवा पसरून अक्षर तिकडेच गिरवलं जातं, मला ते नीट दिसत नाही, न दिसलेलंच बरं. तास कंटाळवाणे दिसतात. एखाद्या तासात चारच शब्द होतात.

आणि आईला सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत (इथेही मी मध्ये पडणार होते), मग म्हणाल्या, ‘‘मग इतके दिवस तुम्ही शाब्बास कसं म्हणत होता, ताई?’’

मी म्हटलं, चुकलं. त्यांनी ते मान्यही केलं नाही आणि वादही घातला नाही. पुढचं विचारलं: आता कुठे जायचं? विशेष शिक्षक मिळतात ते शहरात, आणि दर आठवड्याला एसटीने पोराला घेऊन जाणं त्यांना झेपणारं नाही. शाळेतल्या बाईंना सामील करून घ्या, त्यांनी रोज थोडा वेळ शेजारी बसून घेतलं तर मी इथून दोघींना काय करायचं ते दाखवीन, असं मी सुचवलं. पडदा अगदीच निरुपयोगी नाही, याची मला खात्री आहे. माझा तास बंद करा, असं मात्र मी म्हटलं नाही. तशी गरज नाही असं मला वाटतं. त्या वाटण्यातलं मुलाच्या हिताचं किती आणि माझ्या सोयीचं किती, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.